फसलेला प्लॉटही शिकवतो : अंधेरी-मालाडच्या वस्त्यांतून गावानं घ्यायचा धडा

खरिपाच्या तोंडावर आपल्या गावात दोन प्रकारची माणसं येतात. एक बियाणं घेऊन, दुसरी योजना घेऊन. बियाणेवाल्याला आपण दहा प्रश्न विचारतो. हे वाण कुणाच्या शेतात घेतलं? जमीन भारी होती की हलकी? पाण्याची सोय होती का? शेजारच्या गावातल्या पाहुण्याला विचारल्याशिवाय आपण पिशवी फोडत नाही. पण योजना घेऊन आलेल्या माणसाला आपण एकही प्रश्न विचारत नाही. जी. आर. आला, बचत गटाच्या बायकांना बोलवा, चटई अंथरा, फोटो काढा, रजिस्टरवर सह्या घ्या. झालं काम.

हे मी दुसऱ्यांवर ढकलत नाही. मी स्वतः कृषी विस्ताराचं काम करतो, आणि ही चूक माझ्याही हातून झाली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी चारसूत्री भात लागवडीची प्रात्यक्षिकं घेत होतो. डॉ. नारायण सावंत यांनी रूढ केलेली ही पद्धत चांगलीच आहे. पिकाचे अवशेष जमिनीत परत द्या, गिरिपुष्पाचा पाला घाला, १५ आणि २५ सेंटिमीटर आलटून पालटून अंतरावर चुडं लावा, आणि चार चुडांच्या चौकोनात खताची ब्रिकेट खोचा. मी समाजमंदिरात बैठक घेतली, तक्ता टांगला, चाळीस शेतकरी दादांनी मान डोलावली. जुलैत जाऊन बघतो तर लावणी नेहमीसारखीच. कारण काय? बैठकीला आले होते बापे, आणि लावणी करत होत्या बाया. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. एक मावशी चिखलातूनच म्हणाली, "भाऊ, दोरीनं लावायचं तर दिवसाला निम्मंच होतं. आमची मजुरी त्या हिशेबानं कोण देणार?" हा प्रश्न माझ्या तक्त्यात नव्हता. पद्धत चुकीची नव्हती. ती ज्यांच्या हातून व्हायची होती त्यांच्यापर्यंत मी गेलो नव्हतो.

आज शेतीच्या पानावर मुंबईच्या झोपडपट्टीबद्दल लिहितो आहे, ते याचसाठी. तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? संबंध दोन आहेत. एक, आपल्यातल्या कितीतरी घरांतली लेक, सून, भाऊ आज अंधेरी, मालाड, घाटकोपर, मुलुंडच्या वस्त्यांत राहतात. दुसरा, समाजकार्यातलं ज्ञान कसं तयार होतं, कसं वापरलं जातं आणि कुठं अडतं, याचा फार प्रामाणिक हिशेब त्या वस्त्यांत एकदा मांडला गेला. तो हिशेब गावाच्या कामाचा आहे.

समाजकार्यालाही संशोधन केंद्र लागतं

शेतीचं ज्ञान विद्यापीठात आणि शेतकऱ्याच्या बांधावर तयार होतं, हे आपल्याला माहीत आहे. समाजकार्य म्हणजे मात्र दानधर्म, चांगल्या मनाचा माणूस असला की झालं, असा आपला समज. तसं नाही. आपल्या देशात समाजकार्याचं रीतसर शिक्षण मुंबईतच सुरू झालं. १९३६ साली नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं. तीच पुढची टाटा समाजविज्ञान संस्था, जी १९५४ पासून उपनगरात देवनारला आहे. पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट. ते आधी नागपाड्याच्या कामगार वस्तीत सेवाकेंद्र चालवत होते आणि त्या कामातूनच शाळेची गरज पुढे आली. म्हणजे आधी वस्ती, मग वर्ग. आजही समाजकार्याच्या विद्यार्थ्याला वर्गाबरोबर क्षेत्रकार्य करावंच लागतं. वस्तीत, दवाखान्यात, न्यायालयात जाऊन माणसांबरोबर काम करायचं, रोजचा अहवाल लिहायचा, तो मार्गदर्शकाला दाखवायचा. आपल्या कृषी पदविकेच्या पोरांना शेतावर कामाला लावतात, तसंच हे.

पण शिकणं वेगळं आणि नवी पद्धत खरंच उपयोगी आहे का हे तपासणं वेगळं. त्यासाठी प्लॉट लागतो. ज्यात पद्धत वापरली तो प्लॉट, आणि शेजारी ज्यात वापरली नाही तो तुलनेचा प्लॉट. समाजकार्यात असं करता येतं का? येतं.

बोलिव्हियाहून मालाडला

नव्वदच्या दशकात दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियाच्या डोंगराळ गावांत एक साधी पद्धत वापरली गेली. गावातल्या बायकांनी एकत्र बसायचं. बाळंतपणात आणि नवजात बाळाला काय काय अडचणी येतात, ते आपणच सांगायचं. त्यातल्या मोठ्या अडचणी निवडायच्या, उपाय ठरवायचे, करायचे आणि काय झालं ते पुन्हा बसून तपासायचं. कुणी भाषण करायचं नाही. आपली शेतीशाळा आठवा : शेतकरी स्वतः पिकात उतरतो, किडी मोजतो, मित्रकिडी मोजतो आणि फवारायचं की नाही ते गटात बसून ठरवतो. अगदी तोच मार्ग.

ही पद्धत नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात गेली. तिथं तुलनेचे प्लॉट पाडून चाचणी झाली. निकाल २००४ साली जगापुढं आला. जिथं बायकांच्या बैठका झाल्या तिथं हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या महिन्यात दगावणारी बाळं सुमारे २६, आणि जिथं झाल्या नाहीत तिथं सुमारे ३७. म्हणजे तीस टक्क्यांनी कमी. बायकांनी गावनिधी उभारला, डोली-स्ट्रेचरची सोय केली, स्वच्छ बाळंतपणाची पाकिटं ठेवली. पुढे २००५ ते २००८ या काळात झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी भागात 'एकजुट' संस्थेनं हेच केलं. तिथं तीन वर्षांत नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी दिसले, आणि शेवटच्या दोन वर्षांत तर ४५ टक्क्यांनी.

याच सुमारास मुंबईतही काम सुरू झालं. 'स्नेहा' ही संस्था १९९९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी काढली. त्या सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात नवजात बाळांच्या डॉक्टर. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी त्यांनीच १९८९ मध्ये तिथं सुरू केली. रुग्णालयात कितीही केलं तरी बाळं वस्तीतून उशिरा आणि अशक्तच येतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. म्हणून वस्तीत जायचं ठरलं. संस्था, महापालिका आणि लंडनच्या विद्यापीठातले अभ्यासक एकत्र आले.

सहा वॉर्डांतले झोपडपट्टीचे ४८ भाग निवडले. अंधेरी पश्चिमेचा के-पश्चिम, मालाडचा पी-उत्तर आणि गोवंडीचा एम-पूर्व हे उपनगरातले वॉर्ड त्यात होते. निम्म्या म्हणजे २४ भागांत बैठका घ्यायच्या, २४ तुलनेला ठेवायचे, आणि कुठला भाग कशात हे कुणाच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं. प्रत्येक भागात एक स्थानिक बाई नेमली. तिला 'सखी' म्हणायचे. एका सखीकडे साधारण दहा गट. ऑक्टोबर २००६ ते सप्टेंबर २००९ अशी तीन वर्षं सगळ्या भागांतल्या जन्मांची नोंद ठेवली. एकूण १८,१९७ जन्म. एवढी मोठी नोंदवही आपल्या तालुक्यात कुणी ठेवली आहे का, सांगा.

निकाल : पीक आलं नाही

निकाल २०१२ साली प्रसिद्ध झाला, आणि तो सरळ होता. बैठका झालेल्या भागांत आणि न झालेल्या भागांत गरोदरपणातल्या तपासणीत वा दवाखान्यात बाळंत होण्यात फरक दिसला नाही. मृत जन्म थोडे कमी दिसले, पण तो फरक योगायोगानंही पडू शकला असता एवढाच. आणि पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण बैठकांच्या भागांत कमी नव्हे, उलट जास्त निघालं. बैठकीत बसल्यानं बाळ दगावतं असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण बैठकांमुळे बाळं वाचली, असं मात्र म्हणता येत नव्हतं.

आता विचार करा. तीन वर्षांचा घाम, शेकडो बायकांचा वेळ, पैसा. अशा वेळी आपल्याकडे काय होतं? 'इतक्या बैठका झाल्या, इतक्या महिलांनी लाभ घेतला' असा अहवाल जातो. उद्दिष्ट शंभर टक्के साध्य! पण या मंडळींनी पीक आलं नाही, हे नावानिशी छापलं. मला वाटतं, समाजकार्यातलं ज्ञान खऱ्या अर्थानं तिथं तयार झालं.

कारण त्यानंतर प्रश्न विचारता आला : नेपाळात जे उगवलं ते मालाडला का नाही उगवलं?

पहिलं कारण मातीचं. मकवानपूरला बहुतेक बाळंतपणं घरीच व्हायची. तिथं स्वच्छ ब्लेड, बाळाला कोरडं करून गुंडाळणं, लगेच अंगावर पाजणं एवढ्यानंही जीव वाचतो, आणि हे सगळं बायकांच्या हातात आहे. मुंबईत बहुतेक बाळंतपणं दवाखान्यातच होतात. पालिकेचं प्रसूतिगृह, मोठं रुग्णालय, गल्लीतला खाजगी डॉक्टर, एकाच वस्तीला दहा दारं. बाळ वाचणार की नाही हे त्या दारांच्या आत काय होतं यावर जास्त अवलंबून. आत काय होतं ते चटईवर बसलेल्या बायकांच्या हाती नाही.

दुसरं कारण मुळांचं. आपल्या गावात बाई सून म्हणून येते ती तिथंच म्हातारी होते. वस्तीत भाड्याची खोली अकरा महिन्यांची. शेजारीण आज जौनपूरची, उद्या जालन्याची. कामाला गेलेली बाई रात्री येते, नळाला पाणी पहाटे येतं, बैठकीला वेळ कधी? आणि पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते ही आपली रीत. म्हणजे बैठक अंधेरीत, बाळंतपण आपल्या तालुक्यात!

मात्रेचा प्रश्न

तिसरं कारण आपल्याला सर्वांत लवकर पटेल. ते आहे मात्रेचं. खत चांगलं आहे, पण एकरी पोत्याच्या जागी ओंजळभर टाकलं तर पीक काय करील?

भारत, नेपाळ, बांगलादेश आणि आफ्रिकेतला मलावी या देशांत झालेल्या अशा सात चाचण्यांचे आकडे २०१३ साली एकत्र मांडले गेले. मुंबईची चाचणी त्यात होती. त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. जिथं गरोदर बायांपैकी किमान तीस टक्के गटात येत होत्या, तिथं नवजात मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. जिथं गरोदर बाया त्याहून कमी आल्या, तिथं फरक दिसला नाही. मुंबई या दुसऱ्या रांगेत होती.

पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं या पद्धतीची शिफारस केली. ती सरसकट नव्हती. आरोग्यसेवा कमी पोचते अशा ग्रामीण भागांसाठी विशेष, असं त्यात म्हटलं. ही मर्यादा आखता आली, कारण फसलेल्या प्लॉटची नोंद कुणीतरी जपून ठेवली होती. यशाचेच आकडे पुढे गेले असते तर?

स्नेहा संस्था तिथं थांबली नाही. पुढे गोवंडी-कुर्ला भागात वस्तीतच केंद्र थाटून, घरोघर भेटी देऊन काम करण्याची नवी पद्धत घेतली आणि ४० भागांत तिचीही चाचणी केली. कुटुंबनियोजनाची गरज भागण्यात फरक पडला. लसीकरणात आणि मुलांच्या खंगण्यात सरसकट फरक दिसला नाही. जे झालं ते झालं, जे नाही ते नाही, असं पुन्हा सांगितलं.

गडचिरोलीचा मणी आणि देवनारचा नंबर

उलट बाजूचं उदाहरण आपल्या गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेतून आधी लोकांनाच विचारून काम ठरवलं. बालकांच्या न्यूमोनियात श्वास मोजावे लागतात, आणि दाई तर निरक्षर. मग मण्यांचं आणि वाळूच्या घड्याळाचं साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेले मणी सरकले की न्यूमोनियाचा संशय. शाळेत न गेलेल्या बाईच्या हातात निदान आलं! पुढे ३९ गावांत गावातल्याच बाईला नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचा निकाल १९९९ मध्ये छापून आला. २०११ पासून केंद्र सरकारनं हे काम आशाताईंकडे दिलं. आज दवाखान्यातून बाळंतीण घरी आली की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळाला बघायला येते. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवसाचीही भेट. त्या सहा-सात भेटींमागे इतकी वर्षं आहेत. म्हणून आशाताईनं रजिस्टर घरी बसून भरलं तर ती नुसती कागदाची चूक राहत नाही. मात्रा कमी पडते.

दुसरं उदाहरण उपनगरातलंच. १९९६ साली देवनारच्या टाटा संस्थेतून जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकारानं चाइल्डलाइन सुरू झाली. रस्त्यावरच्या मुलांना रात्रीबेरात्री मदत हवी असते, तेव्हा कचेऱ्या बंद असतात, हे त्या मुलांबरोबर काम करताना कळलं. म्हणून फुकट लागणारा, पाठ होईल असा नंबर : दस-नौ-आठ. हे ज्ञान पुस्तकातून आलं नाही, फुटपाथवरच्या पोरांकडून आलं. पुढे ती सेवा देशभर गेली. २०२३ पासून ती मिशन वात्सल्यखाली सरकारी यंत्रणेकडे सोपवली गेली आणि ११२ या आपत्कालीन नंबराशी जोडली गेली. सरकारनं जबाबदारी घेतली हे योग्यच. पण पद्धत संस्थेकडून खात्याकडे जाते तेव्हा नंबर जातो, टेबल जातं, रजिस्टर जातं. पोराचा घाबरा आवाज ओळखण्याची सवय मात्र आपोआप जात नाही. ती माणसानं माणसाला शिकवावी लागते. विस्ताराच्या कामात आमचंही दुखणं हेच.

आता हा नंबर तुमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहे का, बघा. सरपंचांच्या अध्यक्षतेखालची गाव बाल संरक्षण समिती गेल्या वर्षभरात किती वेळा बसली? बालविवाह ठरतो तेव्हा गावाला आधी कळतं, कचेरीला नंतर. नंबर मुंबईत जन्मला, पण तो फिरवायचा की नाही हे गावाच्या हातात आहे.

सरपंच आणि भाऊसाहेबांनी विचारायचे प्रश्न

म्हणून माझं सांगणं एवढंच. योजनेलाही बियाण्यासारखे प्रश्न विचारा. ग्रामसभेत उठून विचारा, लाजू नका.

एक, ही पद्धत आधी कुठं केली? ते गाव आपल्यासारखं होतं का? पाणी, रस्ता, दवाखाना, स्थलांतर, सगळं धरून.

दोन, तुलनेला काय होतं? 'आमच्याकडे फरक पडला' म्हणणाऱ्याला विचारा, शेजारच्या गावात योजना नसतानाही तेवढाच फरक पडला नाही ना?

तीन, मात्रा किती? कितीजणांपर्यंत पोचलं की परिणाम दिसतो? शंभरातल्या पाचांना बोलावून फोटो काढायचा असेल तर बायकांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवू नका.

चार, काम ज्याच्या हातून होणार त्याला विचारलं का? लावणी करणाऱ्या मावशीला, आशाताईला, अंगणवाडीच्या ताईला, ऊसतोडीला जाणाऱ्या घराला?

पाच, नाही जमलं तर ते कुठं लिहिणार? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. गावाची एक साधी वही ठेवा. काय केलं, कुणी केलं, काय झालं, काय झालं नाही. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत ती वही वाचा. वरच्या साहेबांना ती आवडेलच असं नाही. पण पुढच्या सरपंचाला ती लाखमोलाची ठरेल.

आमच्या खात्यातल्या सहकाऱ्यांनाही हेच सांगतो. शेतीशाळेत प्लॉट फसला की आपण तो रस्त्यापासून लांबचा म्हणून पाहुण्यांना दाखवत नाही. दाखवा. मी यंदा दाखवणार आहे. चारसूत्रीची बैठक या वेळी समाजमंदिरात नाही, लावणीच्या बायांबरोबर आवणाच्या बांधावर घेतली. मजुरी अंगावर द्यायची की दिवसावर, हे आधी ठरलं, दोरी नंतर आली. पाच शेतांत लावणी झाली आहे, शेजारची पाच नेहमीची आहेत. दिवाळीच्या आधी कापणी होईल तेव्हा दोन्हीकडचं वजन ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहू. कमी आलं तरी लिहू. या, बघा, आणि चुकलं असेल तर बांधावरच सांगा.